छपराखालची वाट

मनुष्य वाट चुकतो ती रानांत, अशी आपली जुनी समजूत आहे. आपल्या कथांतले राजपुत्र मृगयेस जातात, सैन्यापासून फुटतात आणि अरण्यांत भटकूं लागतात. स्वतःच्या ओसरीवर हरवलेला राजपुत्र कोणत्याहि कहाणींत आढळत नाहीं. पण आतां काळाचा असा कांहीं फेरा आला आहे कीं, बरेंचसें रान तोडून झालें, उरलेल्या रानांत आकाशांतील उपग्रह आपला हात धरतात, आणि वाट चुकण्याचें काम माणसानें स्वतः बांधलेल्या छपराखालीं येऊन राहिलें आहे. सह्याद्रीच्या उघड्या पठारावर उभा असलेला गृहस्थ आपण कोठें आहों हें खिशांतील फोनला विचारूं शकतो, व त्याला बहुधा पांच-सहा मीटरांच्या आंत उत्तर मिळतें. तोच गृहस्थ शहरांत येऊन एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर क्ष-किरण विभागाच्या शोधांत उभा राहिला, कीं त्याच फोनवरील निळा ठिपका कधीं शेजारच्या रस्त्यावर, तर कधीं समोरच्या इमारतींत नाचूं लागतो. मजला कोणता, याचा तर त्या ठिपक्याला बहुधा पत्ताच नसतो.

या लेखांत आम्हांला वाचकांपुढें ठेवावयाचा विषय एवढाच आहे: छपराखालीं असलेल्या माणसाला, त्याच्याजवळच्या फोननें काढलेल्या छायाचित्रावरून, तो कोठें उभा आहे हें सांगतां येतें काय, येत असल्यास कसें, आणि तें जाणण्याचा अधिकार कोणाला. पहिले दोन प्रश्न गणिताचे व यंत्राचे आहेत. तिसरा माणसाचा आहे, आणि आमच्या मतें तोच सर्वांत अवघड आहे.

आरंभीं उपग्रह घरांत कां येत नाहींत तें पाहूं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. त्यांच्याकडून निघालेली रेडिओलहर फोनपर्यंत येण्यास किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो, आणि अशा निदान चार अंतरांवरून आपली जागा ठरवितो. पण इतक्या लांबून आलेली लहर जमिनीवर पोहोंचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेली असते. लोखंडी सळयांचा स्लॅब आणि सिमेंटच्या भिंती ओलांडण्याचें त्राण तिच्यांत उरत नाहीं. आणि जी खिडकींतून आंत शिरते तीहि समोरच्या इमारतीवर आपटून, अधिक लांबचा फेरा करून आलेली असते. फोनला त्या फेऱ्याची वार्ता नसते. लहर उशिरा आली, तेव्हां उपग्रह दूर आहे, असा सरळ हिशेब तो करतो, आणि ठिपका रस्त्यावर जाऊन बसतो.

यावर इमारतीच्या आंतच लहरी सोडाव्यात ही युक्ति शोधकांना सुचली. १९९२ मध्यें केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधनशाळेनें कर्मचाऱ्यांच्या अंगावर अवरक्त किरण सोडणारे बिल्ले लावून, कोण कोणत्या खोलींत आहे हें कळण्याची व्यवस्था वर्णिली. २००० सालीं मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेंतील बाहल व पद्मनाभन यांनीं बिनतारी जाळ्याच्या लहरी कोठें किती जोरानें लागतात हें आधीं मोजून ठेवून, त्यावरून माणसाची जागा दोन-तीन मीटरांपर्यंत काढून दाखविली. पुढें भिंतीवर चिकटविण्याचे ब्लूटूथचे लहान लहान प्रक्षेपक निघाले. हीं सर्व साधनें उपयोगी आहेत. परंतु तीं बसवावीं लागतात, त्यांच्या बॅटऱ्या बदलाव्या लागतात, आणि बसविणाऱ्याचा उत्साह ओसरला कीं तीं मुकीं होतात. याहून मोठी उणीव अशी कीं, तीं माणूस कोठें आहे एवढें सांगतात. तो कोणीकडे तोंड करून उभा आहे हें सांगत नाहींत. लोखंडानें भरलेल्या इमारतींत होकायंत्राचाहि भरंवसा धरतां येत नाहीं. आणि वाट चुकलेल्या माणसाला जागेइतकीच दिशेची गरज असते. "तुम्ही जिन्याजवळ आहां" असें ऐकून ज्याला जिना डाव्या हातास कीं उजव्या हातास हें कळलें नाहीं, त्याला अर्धीच वाट सांगितली असें म्हटलें पाहिजे.

डोळा मात्र जागा आणि दिशा दोन्ही एकदम सांगतो. समोर काय दिसतें, यांतच आपण कोठून व कोणीकडे पाहतों हें आलें. आपल्या लोकांची पत्ता सांगण्याची रीत पाहावी. क्रमांक आणि गल्लीचें नांव कोणी सांगत नाहीं. मारुतीच्या देवळावरून डाव्या हाताला वळा, पिठाची गिरणी लागेल, तिच्यासमोरचा लांकडी जिना चढा, असें आपण सांगतों. ही रीत आजकालची नव्हे. चौदाव्या शतकांतील महानुभावांची स्थानपोथी जिनें पाहिली असेल त्या वाचकास ठाऊकच आहे कीं, चक्रधरस्वामी कोणत्या गांवीं, कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगास, कोणत्या दारापासून कोणत्या दिशेस बसले होते, हें तींत केवढ्या कसोशीनें नमूद केलेलें आहे. त्या पोथीच्या कर्त्यापाशीं नकाशा नव्हता. पण दार, चौक, देऊळ, दिशा या खुणांनीं त्यानें जागा अशी बांधून ठेवली कीं, पुढच्या पिढ्यांनीं ती शोधीत जावें.

खुणांवरून जागा काढण्याचें हें काम गणितानेंहि फार पूर्वींच हातीं घेतलें आहे. लायडन येथील गणिती स्नेलियस यानें १६१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, शहरांतील तीन चर्चांच्या ठाऊक असलेल्या मनोऱ्यांवरून व त्यांच्यामधील कोन मोजून, स्वतःच्या घराचें स्थान काढून दाखविलें. तीन ठाऊक खुणा आणि त्यांच्यामधले कोन, एवढ्या सामग्रीवर पाहणाऱ्याची जागा निघते, हें त्या प्रश्नाचें मर्म आहे. १८४१ मध्यें ग्रूनर्ट नांवाच्या जर्मन गणित्यानें हाच प्रश्न सपाटीवरून उचलून लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही परिमाणांत सोडविला. त्यानंतर १७ वर्षांनीं, म्हणजे १८५८ मध्यें, मायडेनबाउअर हा तरुण प्रशियन वास्तुज्ञ वेट्झलर येथील कॅथीड्रलचीं मापें घेत असतां उंचावरून पडतां पडतां वाचला. भिंतीवर चढून जिवावर उदार होण्यापेक्षां भिंतीचें छायाचित्र घेऊन त्यावरूनच मापें कां काढूं नयेत, असा विचार त्या प्रसंगानें त्याच्या मनांत आणला. १८८५ मध्यें प्रशियाच्या सरकारनें त्याच्या हाताखालीं बर्लिन येथें त्यासाठीं एक संस्थाच उघडली. छायाचित्र हें केवळ आठवण नसून तें एक मोजपट्टीहि आहे, हा शोध अशा रीतीनें एका चुकलेल्या मरणांतून पुढें आला.

आतां फोननें काय करावयाचें तें सोपें करून सांगतां येईल. ज्या इमारतींत वाट दाखवावयाची, तींतून आधीं कोणीतरी कॅमेरा घेऊन फिरतो व शेंकडों छायाचित्रें घेतो. संगणक प्रत्येक चित्रांत वेंचक बिंदु शोधतो: पाटीचा कोपरा, खिडकीच्या चौकटीचा सांधा, अग्निशामक नळकांड्याची कडा. कॅनडांतील डेव्हिड लोवे यानें १९९९ मध्यें अशा बिंदूंची ओळख पटविण्याची एक पद्धति दिली, तींत प्रत्येक बिंदूभोंवतालची छाया आंकड्यांत लिहिलेली असते. चित्र थोडें फिरलें, लहानमोठें झालें, उजेड थोडा बदलला, तरी ती ओळख टिकते. तोच कोपरा दोन-चार चित्रांत निरनिराळ्या बाजूंनीं दिसला, कीं तो अवकाशांत नेमका कोठें आहे हें निघतें. आणि अशा लक्षावधि बिंदूंचा मिळून इमारतीचा एक विरळ सांगाडा तयार होतो. रस्त्यांच्या व स्मारकांच्या बाबतींत हें किती मोठ्या प्रमाणावर करतां येतें तें २००९ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें; प्रवाशांनीं घेतलेल्या रोमच्या दीड लक्ष छायाचित्रांवरून त्यांनीं एका दिवसाच्या आंत त्या शहराच्या स्मारकांचा असा सांगाडा उभा केला.

मग वाट चुकलेला मनुष्य येतो आणि आपल्या फोननें समोरचें एक चित्र घेतो. त्या चित्रांतील बिंदु सांगाड्यांतील बिंदूंशीं ताडून पाहिले जातात, आणि स्नेलियसाचा व ग्रूनर्टचा प्रश्न पुन्हां एकदां सोडविला जातो. मनोऱ्यांच्या जागीं दाराचे कोपरे असतात इतकेंच. पण यांत एक अडचण आहे. एका दाराचा कोपरा दुसऱ्या दाराच्या कोपऱ्यासारखाच दिसत असल्यामुळें जुळलेल्या जोड्यांत खोट्या जोड्यांचा भरणा फार असतो. खोट्या साक्षीदारांच्या गर्दींतून खरी हकीकत कशी काढावी? याचें उत्तर फिश्लर व बोल्स या दोघांनीं १९८१ मध्यें दिलें, आणि तें आमच्या गांवपंचांना सहज पटलें असतें. थोडे साक्षीदार चिठ्ठ्या टाकून निवडावे, त्यांच्याच बोलण्यावर विश्वास ठेवून जागा काढावी, आणि मग उरलेल्या सर्वांना विचारावें कीं, ही जागा तुम्हांपैकीं कितीजणांच्या साक्षीशीं जुळते? असें शेंकडों वेळां करावें. खोटे साक्षीदार आपसांत जुळत नाहींत, खरे जुळतात. म्हणून ज्या जागेस सर्वांत अधिक मतें मिळतील ती खरी मानावी. एकदां जागा कळली म्हणजे पुढें फोनमधील गति व वळण मोजणारीं साधनें पावलापावलास तिचा माग ठेवतात, आणि चूक सांचूं लागली कीं नवीन चित्र ती दुरुस्त करतें. कांहीं फोनांत हवेचा दाबहि मोजला जातो. दर मीटर चढण्यास तो सुमारे १२ पास्कल उतरत असल्यामुळें मनुष्य मजला चढला कीं उतरला हें त्यावरून ताडतां येतें. सर्व जमून आलें तर जागा वीतभर अंतरापर्यंत आणि दिशा एक-दोन अंशांपर्यंत निघते. २०२१ मध्यें गूगलनें शिकागो, सिअॅटल वगैरे शहरांतील कांहीं मोठ्या बाजार-इमारतींत अशी सोय सुरू केली.

सर्व जमून आलें तर, असें आम्हीं म्हटलें, तें जाणून बुजून. मयसभेंत दुर्योधनाची जी फजिती झाली तीच या यंत्राची होते. स्फटिकाची भूमि पाहून त्यानें पाणी समजून वस्त्रें सांवरलीं, आणि खऱ्या पाण्याला भूमि समजून तो त्यांत पडला. कांचेचें दार, आरसा, घासून चकचकीत केलेली फरशी यांतलीं प्रतिबिंबें यंत्राला खऱ्या वस्तूच वाटतात. पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर तर तें अगदींच निरुपाय होतें. जेथें खूणच नाहीं तेथें साक्ष कोणाची काढावयाची? लखनौच्या इमामबाड्यांतील भुलभुलैया मुद्दाम सारख्या दारांनीं बांधला असेल. आमचीं कार्यालयें व रुग्णालयें काटकसरीनें तशींच बांधलेलीं असतात, आणि दुसरा मजला व चवथा मजला यांत रंगाच्या पट्ट्याचाहि फरक नसतो. शिवाय इमारत जिवंत असते. आज लावलेला जाहिरातीचा फलक उद्यां निघतो, बांक हलतात, दिवाळीला तोरणें लागतात, आणि सकाळीं दहा वाजतां ज्या मार्गिकेंत भिंत दिसते तेथें अकरा वाजतां केवळ माणसें दिसतात. नकाशा करणाऱ्यानें नकाशा केला कीं त्याच क्षणापासून तो शिळा होऊं लागतो.

हा विषय आम्हांस केवळ कुतूहलाचा राहिला नाहीं, याचें कारण आमची थोरली भगिनी. तिला घरांत सर्व लहानथोर अक्का म्हणतात. तिनें तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. गेल्या कांहीं वर्षांत कांचबिंदूनें तिची दृष्टि बाजूंनीं मिटत मिटत इतकी अरुंद झाली आहे कीं, एखाद्या नळींतून पाहावें तसें तिला दिसतें. समोरच्या माणसाचें नाक दिसतें, पण त्याच्या शेजारचें दार दिसत नाहीं. दर दोन महिन्यांनीं तिला मुंबईंतील एका मोठ्या रुग्णालयांत जावें लागतें. तें तीन इमारतींचें मिळून झालें आहे. चिठ्ठी एकीकडे, डोळ्यांचा विभाग दुसरीकडे, औषधें तिसरीकडे, आणि मध्यें पूल. अक्काला सोबत नेण्यास घरांत माणसें आहेत. पण तिची इच्छा एकटीनें जाण्याची असते, आणि त्या इच्छेचें कारण तिनें एकदां आम्हांस सांगितलें तें आम्ही विसरलों नाहीं. ती म्हणाली, "वाट विचारायला मला कमीपणा वाटत नाहीं रे. पण मी विचारलें कीं लोक सांगत नाहींत, दंड धरून ओढतात. भल्या मनानेंच ओढतात, म्हणून त्यांना नको म्हणतां येत नाहीं."

आमचा पुतण्या संगणकाचें काम करतो. आत्याच्या या बोलण्यानें त्याला चैन पडेना. त्यानें वरिष्ठांची परवानगी घेऊन, एका सुट्टीच्या दिवशीं, आपल्या रिकाम्या कार्यालयांतून कॅमेरा घेऊन पाऊण तास फेऱ्या घातल्या आणि त्या इमारतीचा सांगाडा तयार केला. पुढच्या सुट्टीस अक्काला तेथें नेलें. फोन गळ्यांत अडकविलेला, एका कानांत सूचना सांगणारा आवाज, हातांत तिची नेहमींची पांढरी काठी. दुसऱ्या मजल्यावरील सभागृहाचें दार गांठावयाचें होतें. आम्ही मागें दहा पावलांवर होतों, आणि कांहीं झालें तरी बोलावयाचें नाहीं असा तिचा आम्हांस दंडक होता. आवाज म्हणे, बारा पावलांवर जिना, कठडा उजव्या हातास. आणि खरोखरच बाराव्या पावलास तिच्या काठीला पहिली पायरी लागली. वर गेल्यावर फोन किंचित् खालीं झुकला, त्याला नुसती कोरी फरशी दिसूं लागली, आणि आवाज बंद पडला. अक्का मार्गिकेच्या मध्यावर उभी राहिली. पुतण्या पुढें होऊं लागला तसा आम्हीं त्याचा हात धरला. पाऊण मिनिट गेलें असेल. मग तिनें स्वतःच फोन उचलून, देवापुढें निरांजन फिरवावें तसा हळूहळू सभोंवतीं फिरविला. आवाज परत आला, आणि ती दारापाशीं जाऊन पोहोंचली.

पुतण्याला वाटलें, आत्या आतां शाबासकी देईल. ती आधीं म्हणाली, "ज्याला वाट ठाऊक नसते तो माणूस 'ठाऊक नाहीं' म्हणतो. हें तुझें यंत्र गप्प बसतें. त्याला आधीं 'ठाऊक नाहीं' म्हणायला शिकव." आणि मग, दाराच्या मुठीवर हात ठेवून, "कोणीं धरलें नाहीं मला," एवढेंच बोलली. तिच्या पहिल्या वाक्यांत या शास्त्राची एक मोठी सूचना आहे, असें आम्हांस अजूनहि वाटतें. दुसऱ्या वाक्यांत हें शास्त्र कशासाठीं असावें याचें उत्तर आहे.

यानंतर पुतण्या रुग्णालयाकडे गेला. तेथील अधिकाऱ्यांनीं त्याचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें आणि नकार दिला. त्यांचें म्हणणें असें कीं, आमच्या मार्गिकेंत चोवीस तास माणसें असतात. कोणी चाकांच्या खाटेवर निजलेला असतो, कोणी मुलाला पाजीत बसलेली असते, कोणाला आपला रोग घरींहि कळूं द्यावयाचा नसतो. त्यांची संमति तुम्ही कोणाकडून घेणार? हा नकार आम्हांस उर्मटपणाचा वाटला नाहीं. उलट त्यांत रोग्यांची कणव होती. पण अक्काला आम्हीं तो सांगितला तेव्हां ती थोडा वेळ स्तब्ध राहून म्हणाली, "माझ्या वाटेसाठीं दुसऱ्याची अब्रू नको. पण दुसऱ्याच्या अब्रूचें निमित्त करून माझी वाट कायमची अडवूं नका." दोन्ही म्हणणीं खरीं आहेत, आणि ह्या विषयांतील खरा पेंच येथेंच आहे. कायद्यानेंहि दोहोंस मान दिला आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयींचा २०१६ चा अधिनियम सार्वजनिक इमारती त्यांना सुगम करण्यास सांगतो. आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २०१७ च्या ऑगस्टांत दिला.

आम्हांस हा पेंच व्याकरणाच्या साहाय्यानें थोडा सुटतो असें वाटतें. "मी कोठें आहें?" हा प्रथम पुरुषाचा प्रश्न आहे. "तो कोठें आहे?" हा तृतीय पुरुषाचा. गणित दोहोंचें एकच, विचारणारा निराळा. पहिला प्रश्न वाट चुकलेल्याचा आहे, दुसरा पाठलाग करणाऱ्याचाहि असूं शकतो. दुसरा प्रश्न नेहमींच वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. आग लागलेल्या इमारतींत कोणत्या मजल्यावर कोण अडकला आहे हें बंबवाल्यास कळलें पाहिजे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानें याच हेतूनें २०१९ मध्यें असा दंडक घातला कीं, इमारतींतून संकटकाळीं केलेल्या मोबाइल फोनच्या ८० टक्के हांकांत उंची ३ मीटरांच्या आंत कळावी. पण हांक मारणाऱ्यानें येथें आपण होऊन हांक मारलेली असते. केंब्रिजचा तो बिल्ला आठवावा. छपराखालीं माणूस शोधण्याच्या त्या आरंभींच्या यंत्राचा एक उपयोग, आलेला दूरध्वनि कर्मचाऱ्याकडे पोहोंचविण्यासाठीं तो कोठें आहे हें टेलिफोनवर बसणाऱ्यास कळावें, असा होता. म्हणजे या विद्येच्या जन्मापासूनच तींत तृतीय पुरुष बसलेला आहे.

आणि तो गुपचुप कसा शिरतो तें पाहण्यासारखें आहे. फोन लहान, सांगाडा मोठा. म्हणून फोननें घेतलेलें चित्र पुष्कळदां दूरच्या कंपनीच्या संगणकाकडे धाडलें जातें व उत्तर तेथून परत येतें. विचारणारा समजतो, मी मलाच विचारलें. वस्तुतः त्यानें, मी कोठें आहें, माझ्यासमोर कोण आहे, आणि मी कोणत्या दाराशीं किती वेळ थांबलों, हें सर्व एका परक्यास कळविलेलें असतें. प्रश्न प्रथम पुरुषांत विचारला गेला आणि तृतीय पुरुषांत नोंदला गेला. डोळ्यांच्या विभागाशीं थांबणें आणि क्षयाच्या किंवा मनोविकारांच्या विभागाशीं थांबणें यांत लोकांच्या दृष्टीनें केवढें अंतर आहे, हें आमच्या समाजास सांगावयास नको.

चित्र धाडूं नये, त्यांतील बिंदुच धाडावे. आणि नकाशांतहि चित्रें न ठेवतां बिंदुच ठेवावे, म्हणजे चेहरे राहणार नाहींत, असा एक तोडगा पुष्कळांस पुरेसा वाटत होता. २०१९ मध्यें एकाच परिषदेंत दोन निबंध प्रसिद्ध झाले. पहिल्यानें दाखविलें कीं, नुसत्या बिंदूंच्या विरळ सांगाड्यावरूनहि मूळचें दृश्य ओळखूं येण्याइतकें पुन्हां रंगवितां येतें. दुसऱ्यानें त्यावर उतारा सुचविला: प्रत्येक बिंदूच्या जागीं त्यांतून कोणत्याहि दिशेस जाणारी एक रेषा ठेवावी. जागा काढण्याचें गणित रेषांवरहि चालतें, पण रेषेवर बिंदु नेमका कोठें होता हें न कळल्यामुळें चित्र पुन्हां रंगविणें फार अवघड होतें. दोन्ही निबंधांच्या कर्त्यांत कांहीं नांवें समान आहेत. घराच्या भिंतीला भोंक कोठें पडतें हें स्वतःच शोधून स्वतःच तें बुजविणारी ही प्रामाणिक वृत्ति आम्हांस त्यांच्या गणिताहून अधिक मोलाची वाटली. तथापि एका उताऱ्यानें विष कायमचें उतरलें असें समजण्याचें कारण नाहीं. पुढें कोणी रेषांमधूनहि चित्र काढण्याचा प्रयत्न करील, आणि आणखी कोणी त्यावर उपाय शोधील.

म्हणून आमचें मत आम्ही येथें स्पष्ट लिहून ठेवतों. सार्वजनिक इमारतीच्या आंतला नकाशा त्या इमारतीच्या चालकांच्या ताब्यांत, म्हणजे लोकांच्या ताब्यांत असावा. कोणा कंपनीचा तो बटीक नसावा. रुग्णालयांत तो करावयाचा तर एकेक मार्गिका थोडा वेळ मोकळी करून, जशी ती धुण्यापुसण्यासाठीं करतात तशी करून, करावा. आणि केलेल्या चित्रांत चुकून आलेला चेहरा पुसून मगच पुढें जावें. जागा काढण्याचें गणित माणसाच्या हातांतील फोनवरच व्हावें. चित्र फोनबाहेर जाऊं नये आणि उत्तर मिळतांच फोनमध्येंहि राहूं नये. यांतलें एकहि काम अशक्य कोटींतलें नाहीं. त्याला अधिक वेळ व अधिक पैसा मात्र लागेल. आणि यंत्र आलें म्हणून ठळक अक्षरांच्या पाट्या, मजल्यामजल्याचे निरनिराळे रंग, पायांना कळणाऱ्या उंचवट्यांच्या पट्ट्या व दाराशीं विचारण्यास एक माणूस, यांना कोणीं निरोप देऊं नये. भिंतीवरची चांगली पाटी यंत्रालाहि खूण म्हणून उपयोगी पडते. कोऱ्या भिंतीपुढें डोळस, आंधळा आणि यंत्र हे तिघेहि सारखेच असहाय असतात.

चक्रव्यूहांत शिरण्याची विद्या अभिमन्यूला आली होती, बाहेर पडण्याची आली नव्हती. प्रत्येक नवीन शोधाच्या बाबतींत आमची पिढी तशीच उतावळी आहे. या शोधांत शिरण्यापूर्वीं बाहेर पडण्याची विद्या कोणती, असें कोणीं विचारल्यास आम्ही नाक्यावरच्या पानवाल्याकडे बोट दाखवूं. दिवसांतून पन्नास जण त्याला वाट विचारतात. तो हातांतला कात न सोडतां हनुवटीनेंच दिशा दाखवितो, आणि पुढचें पान लावतां लावतां कोणीं काय विचारलें हें विसरूनहि जातो. त्यानें वाट सांगितल्याचा उपकार घेणाऱ्याच्या डोक्यावर राहत नाहीं, आणि गेलेल्याची नोंद त्याच्या वहींत राहत नाहीं. यंत्राला पाहावयास शिकवून झालें आहे. ठाऊक नसेल तेव्हां तसें म्हणावयास तें शिकेल अशी आशा आहे. विसरावयास त्याला कोण शिकवितो, यावर पुष्कळांची वाट आणि पुष्कळांची अब्रू अवलंबून आहे.